खड्डे भरायच्या आत

आमच्या क्लबाच्या मैदानावर मी सव्वीस वर्षं गवत वाढवतोय. फुटबॉलच्या मैदानावर गवत वाढवायचं म्हणजे शनिवारी बावीस जणांनी ते खिळ्यांच्या बुटांनी तुडवायचं आणि सोमवारी आपण त्याची समजूत काढायची. आमची ही त्याच क्लबात तिकीटखिडकीवर बसायची. एकतीस वर्षं. म्हणजे तिची नोकरी माझ्या नोकरीपेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि घरात भांडण झालं की ती पाच वर्षं लगेच बाहेर निघतात.

क्लबाची एक रीत आहे. ज्याची तीस वर्षं भरली त्याचा फोटो निवृत्त होताना कार्यालयाच्या बोळातल्या भिंतीवर लागतो. काळा-पांढरा. पहिला फोटो लागला तेव्हा रंगीत फोटो महाग होते म्हणून काळा-पांढरा, आणि पुढे कुणाची रंग बदलायची छाती झाली नाही. फोटो काढायचा तो हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर, त्या बोळातच. सेक्रेटरीसाहेबांनी हिला चिठ्ठी दिली: या वर्षी तुमचा नंबर.

चिठ्ठी घेऊन ही घरी आली आणि ती ओट्यावर ठेवून म्हणाली, "त्यांना सांगा, हवा तर हाताचा काढा. तिकिटं हातानंच फाडलीत. तोंडाचं काही काम नव्हतं."

हिच्या तोंडाची गोष्ट अशी. सतरा-अठराव्या वर्षी गालांवर पुटकुळ्या आल्या. सगळ्यांना येतात आणि जातात. हिच्या जाताना खड्डे ठेवून गेल्या. दोन्ही गालांवर, डावीकडे जास्त. मी लग्न ठरवताना पाहिले होते, नंतर पाहायचे राहून गेले. रोज त्याच वाटेनं जाणाऱ्याला वाटेतले खड्डे दिसतात का? पाय आपोआप सांभाळून पडतो. पण ही विसरली नव्हती. खिडकीच्या काचेवर दरपत्रक तिनं बरोबर डाव्या गालासमोर चिकटवलं होतं. घरात कुठलंही कार्य असो, कॅमेरा निघाला की ही पुढे, "द्या इकडे, मी काढते." सगळ्यांना वाटायचं, किती हौस! आमच्या घरात सात अल्बम आहेत. त्यात मी आहे, मुलगी आहे, जावई आहे, शेजाऱ्यांचं कुत्रं आहे. ही नाही. एका फोटोत कोपऱ्यात तिचं बोट आलंय, तेवढंच.

तर चिठ्ठी ओट्यावर तीन दिवस पडून राहिली. चौथ्या दिवशी मेहुणीबाई आल्या. माझी मेहुणी एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नावं लिहून घ्यायचं काम करते, त्यामुळे तिला सगळ्यांच्या चेहऱ्यांत काही ना काही दुरुस्ती दिसते. तिनं चिठ्ठी वाचली आणि पर्समधून एक कागद काढला.

"ताई, हे करून घे. मायक्रोनीडलिंग. माझ्याकडून तुला निवृत्तीची भेट."

"काय असतं ते?"

"सुया टोचतात. गालांवर. बारीक बारीक."

"भेट म्हणे!" ही म्हणाली. "दुसऱ्यांच्या बहिणी साड्या देतात."

"अगं, पेनासारखं यंत्र असतं. टोकाला बारा सुया, केसासारख्या. भराभर वर-खाली होतात. कातडीला इवलीशी भोकं पडतात. मग शरीराला वाटतं, अरे, इथं जखम झाली! ते धावत येतं, नवीन माल आणतं, आतून भरायला लागतं. कोलॅजन म्हणतात त्याला. त्या भरावानं खड्डे हळूहळू उथळ होतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. "थांबा. थांबा जरा. हे तर माझं काम आहे!"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"अहो, काट्यांचा रूळ! मैदानाची माती बुटांनी दाबून दगड होते. मुळांना हवा नाही, पाणी नाही. मग मी काय करतो? काट्यांचा रूळ फिरवतो. भोकंच भोकं. बघणाऱ्याला वाटतं मैदानाचं वाटोळं केलं. आणि दहा दिवसांत बघा, गालिचा!"

"भावजी, ताईच्या गालांवर रूळ फिरवायचा नाहीये."

"तत्त्व एकच!" मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की मी उभाच राहिलो. सव्वीस वर्षं मी डॉक्टर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. "दहा दिवसांत?" तिनं विचारलं.

"दहा. अकराव्या दिवशी नाव बदलेन."

शेवटचा सामना पंचवीस तारखेला होता. हिनं कॅलेंडरवरून बोटानं उलटं मोजलं आणि चौदावर थांबली.

डॉक्टरीणबाईंनी आधी एकदा बोलावून गाल तपासले. वयानं आमच्या मुलीएवढी, पण बोलणं सरळ. नवीन पुटकुळी नाही ना, जखम झाली की फुगून व्रण उठतो का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "काकू, आधीच सांगते. खड्डे नाहीसे होणार नाहीत. उथळ होतील. एका वेळेत नाही, चार वेळा यायचं, महिन्या-महिन्यानं. आणि खरा फरक दिसायला अजून दोन-तीन महिने."

"टोचल्यावर अकराव्या दिवशी फोटो आहे," ही म्हणाली.

"तोपर्यंत लाली नक्की जाईल. पण फरक इतक्यात..."

मी हिच्या कानात म्हटलं, "डॉक्टर लोक जास्तीच सांगतात. मीसुद्धा सेक्रेटरीला तीन आठवडे सांगतो आणि दहा दिवसांत करून दाखवतो."

आणि हिनं, जिनं आयुष्यात माझं काही ऐकलं नाही, तिनं नेमकं हे ऐकलं.

चौदा तारखेला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी गालांवर बधिर करायचं क्रीम थापलं आणि वर पातळ प्लास्टिक लावलं. पाऊण तास तसंच बसायचं. मला राहवेना.

"किती खोल जाणार?"

"गालावर दीड मिलिमीटर. कपाळाकडे कमी."

"माझे काटे दहा सेंटिमीटर," मी म्हटलं.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"मैदानवाला. आडवं-उभं दोन्हीकडून फिरवता ना?"

"आडवं, उभं आणि तिरपं."

"तिरपं पण!" मी मेहुणीला कोपर मारलं. "ऐकलंत? तिरपं पण! आणि नंतर भोकांत वाळू किती भरता?"

डॉक्टरीणबाई मेहुणीला म्हणाली, "यांना बाहेर बसवा."

मी बाहेर बसलो. आतून यंत्राचा आवाज सुरू झाला, भुंगा बाटलीत अडकावा तसा. मधूनमधून हिचा आवाज, "कपाळावर जास्त टोचतंय हो," आणि "झालं का?" तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरीसाहेब.

"पाहुणा संघ म्हणतोय, पंचवीसला त्यांना दुसरीकडे खेळायचंय. उद्या खेळायला तयार आहेत. पण एवढ्या घाईत मैदान होणार नाही ना?"

आता हा काही विचारायचा प्रश्न आहे? माझी छाती आपोआप पुढे आली. "मैदान? साहेब, माझं मैदान कायम तयार असतं. उद्या कशाला, आत्ता या!"

"शाब्बास! मग उद्या दुपारी."

फोन ठेवला. मी दोन-तीन क्षण मजेत बसलो होतो. मग यंत्राचा आवाज थांबला, दार उघडलं आणि ही बाहेर आली. लालेलाल. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, सगळं उन्हात भाजल्यासारखं, आणि टम्म. त्यावर बारीक ठिपके. तिला बघितलं आणि मला आठवलं की हंगामाचा शेवटचा सामना उद्या असेल, तर फोटोही उद्या आहे.

"कशी दिसतेय?" तिनं विचारलं.

"छान," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत मी छत्री धरली, कारण ऊन लागू द्यायचं नव्हतं. इतकी नीट धरली की माझा एक खांदा रस्त्याला आणि एक हिच्या कानाला. रस्त्यात ही खुशीत होती. साबण उद्यापर्यंत नाही, वाफ नाही, पावडर नाही, हात लावायचा नाही, सगळं पाठ म्हणून दाखवत होती. घरी पोचल्यावर मी चहा केला. मी न सांगता चहा केला म्हणजे काहीतरी फुटलंय किंवा हरवलंय, हे हिला ठाऊक.

"बोला," ती म्हणाली.

"सामना उद्या आहे."

"कुठला सामना?"

"तोच."

लाल चेहऱ्याचा माणूस रागावलाय की नाही हे कळायला मार्ग नसतो. "उद्या मैदान तयार आहे, असं कोणी सांगितलं?"

"गवतच तसं झालंय गं या वर्षी."

"गवतानं फोन उचलला?"

मेहुणी पदर तोंडाशी धरून हसायला लागली. तिला हसताना बघून मला हसू आलं, आणि मला हसताना बघून हिला. पण हिला हसता येईना, गाल ताणून दुखत होते. "हसवू नका! मेले, हसवू नका! आई गं!" असं ओरडत ती दोन्ही हात हवेत धरून, गालांना न लावता, खोलीभर फिरत होती. जरा शांत झाल्यावर म्हणाली, "खिडकीवर मी जाणार. एकतीस वर्षांत एक सामना चुकवला नाही, शेवटचा चुकवणार नाही. फोटोचं नाव मात्र काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती खिडकीत बसली. पहिल्याच माणसानं तिकीट मागायच्या आधी विचारलं, "ताई, हे काय? उन्हात झोपलात?"

मला वाटलं, आता ही उठून जाईल. मी खिडकीच्या मागेच चुन्याची बादली घेऊन उभा होतो. ही क्षणभर दरपत्रकाआड गेली. मग बाहेर आली आणि म्हणाली, "मायक्रोनीडलिंग केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. मैदानावर काट्यांचा रूळ फिरवतात की नाही?"

झालं. रांगेतल्या दुसऱ्याला कळेना म्हणून त्याला परत सांगितलं. तिसऱ्याच्या बायकोला जास्त माहिती हवी होती, दुखतं का, किती वेळ लागतो. चौथा म्हणाला, माझ्या पाठीवर चालेल का? ही उभी राहून, काचेला गाल लावून दाखवायला लागली: हे इथं दीड मिलिमीटर, हे इथं कमी. ज्या गालासमोर एकतीस वर्षं दरपत्रक होतं तो गाल! सामना सुरू झाला तेव्हा चाळीस माणसं तिकिटाशिवाय बाहेर होती आणि एकाचीही तक्रार नव्हती. पहिला गोल झाला तो त्यांनी फक्त ऐकला.

सामना संपला. आम्ही हरलो, पण हरताना गवत फार सुंदर दिसत होतं. सेक्रेटरीसाहेब खिडकीपाशी आले आणि हिला हाताला धरून बोळात घेऊन गेले. ती नाही नाही म्हणत होती, पण दुपारभर बोलून बोलून तिचा जोर संपला होता. फोटोवाला तयारच होता. डॉक्टरीणबाईंच्याच रस्त्याला पुढे त्याचं दुकान आहे, क्लबाचे सगळे फोटो तोच काढतो. म्हणाला, "काकू, काळ्या-पांढऱ्यात लाल रंग कुठे दिसतोय? बसा." आणि ती बसली, आणि त्यानं काढलाही. दात काढून घेतात तसा, बोलता बोलता.

मग त्यानं कॅमेऱ्याच्या मागचा चौकोन तिला दाखवला. ही बघत राहिली. मीही मान घातली. गाल गुळगुळीत. एक खड्डा नाही.

"अय्या," ही म्हणाली. अय्या हा शब्द मी हिच्या तोंडून लग्नाच्या वर्षानंतर ऐकला नव्हता. "अहो, एका दिवसात! तुम्ही तर दहा म्हणाला होता!"

"माझं गवत असतं," मी म्हटलं. "तू माणूस आहेस. माणसाचं लवकर होत असेल."

चार दिवसांनी फोटो भिंतीवर लागला. सगळे येऊन बघून गेले. त्या चार दिवसांत ही घरात गात होती. गाणं एकच आणि त्यातही दोनच ओळी, पण गात होती. पाचव्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून हाक मारायला लागली, "अहो, इकडे या. उजेडात बघा."

लाली गेली होती. सूज गेली होती. आणि खड्डे परत आले होते, सगळेच्या सगळे, आपापल्या जागी.

त्यानंतर गाणं बंद झालं आणि हिनं क्लबाकडे फिरकणंही बंद केलं. निवृत्त माणसानं चहाला म्हणून येऊन बसावं अशी पद्धत आहे, सगळे वाट बघायचे. ही मला म्हणायची, "तिथं भिंतीवर ती बसलीय. मी जाऊन तिच्याखाली उभी राहिले की लोक वर बघणार, मग खाली बघणार. एवढी वर्षं निदान कुणाला माझ्याशी तुलना करायला दुसरी मी नव्हती." मला पहिल्यांदाच वाटलं की फोन उचलला नसता तर बरं झालं असतं.

महिना झाला. दुसऱ्यांदा जायची तारीख आली. ही म्हणाली, नाही येत. मेहुणी म्हणाली, ताई, भेट अर्धी टाकायची नसते. शेवटी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी क्रीम लावायच्या आधी दिव्याखाली गाल निरखले, बोटानं कातडी ताणून पाहिली.

"सुरुवात झालीय," ती म्हणाली. "कडा मऊ व्हायला लागल्यात. थोडंसंच, पण झालंय."

"काही झालेलं नाही," ही म्हणाली. "उलट बिघडलं."

"पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला फोटो काढू दिला नाहीत ना, काकू. आम्ही सगळ्यांचे काढतो, आधीचा आणि नंतरचा, तुलना करायला. तुमचा जुना कुठला फोटो आहे का?"

"माझा एकच फोटो आहे," ही म्हणाली आणि मेहुणीच्या फोनमधला तो भिंतीवरचा फोटो तिच्यापुढे धरला.

डॉक्टरीणबाईंनी बघितला. तारीख विचारली. मग ती जी हसायला लागली, ती हातातली क्रीमची डबी बाजूला ठेवूनच. "काकू, हा टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलाय! ही सूज आहे! गाल फुगले की खड्डे वर उचलले जातात, सूज उतरली की परत खाली. याच्याशी तुलना केली तर काय होईल? मी चार महिने मेहनत करायची, आणि शेवटी तुमचा चेहरा या फोटोपेक्षा वाईटच निघणार! माझं दुकान बंद पडेल!"

ही तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती मी नाहीच?"

"आहात. पण फक्त तीन-चार दिवसांपुरत्या."

"आणि हे," हिनं गालावर बोट ठेवलं, "हे कमी होत जाणार?"

"होत जाणार. आज केलं की अजून थोडे."

"म्हणजे मी मुळात कशी होते, ते मग कुठंच राहणार नाही. साठ वर्षांची मी, आणि पुरावा काय, तर माझी सूज!" असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. आधी खांदे, मग पोट, मग आवाज. आता गाल दुखत नव्हते, त्यामुळे अडवायला काही नव्हतं. डॉक्टरीणबाई तिच्या गालांवर क्रीम लावत होती आणि गाल थांबत नव्हते. प्लास्टिक लावून पाऊण तास झाला, तोंड बधिर झालं, तशी ही खुर्चीवरून उतरली.

"बधिरपणा किती वेळ टिकेल?"

"पाऊण तास. पण कुठे निघालात? काकू!"

"फोटो काढायला. खड्डे भरायच्या आत!"

"असं तोंड घेऊन?"

"हेच घेऊन जायचं आहे. दुसरं कुठाय?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, ऊन लागू देऊ नका आणि चाळीस मिनिटांत परत या, नाहीतर बधिरपणा उतरेल. मेहुणीनं हिची पर्स उचलली, मी छत्री उघडली, आणि आम्ही निघालो. ही पुढे, तोंडाला चकचकीत प्लास्टिक, मी मागे छत्री घेऊन पळतोय, मेहुणी सगळ्यांत मागे, "ताई, हळू! ताई, सिग्नल!" लोक थांबून बघत होते. भाजीवाल्यानं वजनं हातात धरून ठेवली. ही त्यांना हात करत चालली होती.

फोटोवाला जेवायला बसला होता. प्लास्टिकवालं तोंड दारात बघून त्याचा घास तसाच राहिला.

"जेव नंतर," ही म्हणाली. "भिंतीवरचा फोटो बदलायचाय. आधी हे पुसायला काहीतरी दे. सेक्रेटरीला मी बघते, एकतीस वर्षं त्याचा गल्ला मी बघितलाय."

मेहुणीनं प्लास्टिक काढलं, क्रीम पुसलं. फोटोवाल्यानं नेहमीचे समोरचे मोठे दिवे लावले. हिनं विचारलं, "यात खड्डे येतील?"

"नाही काकू, म्हणून तर लावले."

"मग बंद कर. बाजूचा एक लाव. डाव्या बाजूचा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाव बाबा, आमच्याकडे तेहतीसच मिनिटं आहेत.

बाजूचा दिवा लागला. हिच्या गालावरचा एकूण एक खड्डा उजेडात उभा राहिला, प्रत्येकाला आपापली सावली. मी इतकी वर्षं नीट बघितले नव्हते, ते त्या दिवशी बघितले. ही ताठ बसली, हात मांडीवर, मान सरळ कॅमेऱ्याकडे.

"जरा जवळ ये," ती फोटोवाल्याला म्हणाली. "अजून. तिथून काय दिसणार?" मग एकदम कावरीबावरी होऊन माझ्याकडे वळली. "अहो, तोंड सगळं बधिर झालंय. मला काही कळतच नाहीये. मी हसतेय का?"

"हसतेयस."

"नक्की?"

फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला, "काकू, फार हसताय. थोडं कमी करा."

"कमी कसं करू?" ही म्हणाली. "तोंड सापडतंय कुठं!"